पांढरे मामा

विंझरच्या गेनूला आयुष्यात एकच प्राणी कधी चावला नाही, तो म्हणजे उंदीर. बाकी सगळ्यांनी आपापली हौस भागवून घेतली होती. घरचा बैल त्याला बघून शिंग रोखायचा, शेजारच्या कुत्र्याने त्याची पोटरी धरली होती, आणि वेल्ह्याच्या बाजारात विकायला नेलेल्या कोंबडीनेही गिऱ्हाइकादेखत त्याच्या अंगठ्याला चोच मारली होती. औत धरलं की नांगराचं तास वाकडं जाई. भाताची पेंढी बांधली की डोक्यावर घेताना सुटे. "माझ्या हाताला यश न्हाई," असं गेनू स्वतःच चारचौघांत सांगायचा. निदान एवढं तरी आपण बिनचूक सांगतो, याचं त्याला समाधान होतं.

अशा माणसाला भोरमध्ये नोकरी लागली. संस्थान विलीन झालं होतं, घोडे विकले गेले होते, आणि गावाबाहेरची एक पागा रिकामी पडली होती. तिथे पुण्याहून डॉक्टर तुळपुळे आले आणि त्यांनी पांढऱ्या उंदरांचे पिंजरे मांडले. उंदीर सांभाळायला माणूस हवा, अशी हाळी दिली तेव्हा बरेच जण आले. डॉक्टर प्रत्येकाच्या हातात एक उंदीर देत आणि तो माणूस बोट चोखत बाहेर येई. गेनूच्या हातात दिलेला उंदीर मात्र त्याच्या बाहीत शिरला आणि तिथेच झोपला.

"तुझ्यात काय आहे रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कायबी न्हाई, सायेब," गेनू म्हणाला. "त्येच त्याला आवाडलं आसंल."

काम सोपं होतं. भिजवलेले हरभरे आणि भाकरीचे तुकडे घालायचे, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, आणि डॉक्टर शेपटीच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब घेतील तेव्हा उंदीर अलगद धरून ठेवायचा. तो थेंब काचेवर पसरून डॉक्टर सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरत. एकदा त्यांनी गेनूलाही बघू दिलं. तांबड्या ठिपक्यांच्या गर्दीत बारीक बारीक जीव वळवळत होते, ठिपक्यांना ढुशा देत इकडून तिकडे पळत होते. गेनूने डोळा बाजूला घेतला, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला.

"घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाले. "पिसवांमुळे हा जीव उंदराच्या रक्तात शिरतो. काही दिवस वाढतो, हिंडतो, मग उंदराचं रक्तच त्याला आवरतं. ताप नाही, दुखणं नाही. निरुपद्रवी जीव. पण याचाच एक भाऊबंद घोड्याच्या रक्तात शिरला की सर्रा होतो, घोडा झिजून मरतो. एकाच भावकीतला एक असा आणि एक तसा. हे का, ते मला शोधायचंय."

भावकीचं म्हटल्यावर गेनूला सगळं कळलं. निरुपद्रवी हा शब्द मात्र त्याने खास पाठ करून ठेवला. एवढा जड शब्द त्याच्याजवळ दुसरा नव्हता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. गेनूच्या घरात उंदराला उंदीर म्हणत नसत. नाव घेतलं की तो ऐकतो आणि रागाने कपडे कुरतडतो, म्हणून त्याची आई साळूबाई त्याला 'मामा' म्हणे. काल मामांनी कणगी फोडली, आज मामा दिवळीत बसलेत, असं चाले. तीच सवय घेऊन गेनू पागेत आला. सुरुवातीला डॉक्टर हसले. मग तेही "आज मामांनी खाल्लं का?" असं विचारू लागले.

खरे मामा हिर्डोशीला होते. रखमाजी, साळूबाईचा थोरला भाऊ. त्यांची मुलगी फुलाबाई. गेनूच्या मनात फुला कधीपासून होती, हे गेनूला सांगता आलं नसतं. मामाची पोर, म्हणजे हक्काचं नातं. एरवी ते लग्न केव्हाच झालं असतं, पण मामा आणि आई यांचं बोलणं बंद होतं.

गेनूच्या बहिणीच्या, बनाबाईच्या लग्नात हे घडलं. मुहूर्त जवळ आला, भटजींनी "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणा" म्हणून पुकारा केला, आणि मामांचा पत्ता नाही. भटजी घाई करू लागले तेव्हा साळूबाईने शेजारच्या कोंडिबाला पुढे ढकललं आणि त्यानेच पोरीला मांडवात आणलं. त्याच वेळी रखमाजी दारात येऊन उभे राहिले. वरंध्याकडची गाडी आलीच नव्हती, म्हणून ते हिर्डोशीपासून चालत आले होते. आपल्या जागी दुसराच मामा उभा आहे, हे त्यांनी पाहिलं. अक्षता हातात घेतल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, आले तसे मागे फिरले. त्यानंतर भाऊबीजेला ना ते विंझरला आले, ना साळूबाई हिर्डोशीला गेली.

नोकरी लागल्यावर गेनूने धीर केला आणि एकटाच हिर्डोशीला गेला. धीर असा की दारात पोचेपर्यंत तीनदा मागे फिरावंसं वाटलं. तेवढ्यात फुलानेच त्याला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणला.

"मामा, फुलाला मागाया आलोय."

"कुनासाठी?" रखमाजींनी विचारलं.

हा प्रश्न गेनूला अपेक्षित नव्हता. "माझ्यासाठीच," तो इतक्या हळू म्हणाला की त्याला स्वतःलाही पुरतं ऐकू गेलं नाही.

"तुझी आय न्हाई आली?"

गेनूने तांब्या तोंडाला लावला.

"आन तू ती उंदरं राखतूस म्हनं. त्यांच्या रक्तात किडं हायेत म्हनं. आमच्या ल्हानपनी उंदरं पडली आन समदं गाव रानात ऱ्हायाला ग्येलं. माझा चुलता त्या पिलेगातच ग्येला. तू ती हातात घिऊन खेळतुयास, आन माझी पोरगी मागतुयास?"

"त्यो रोग येगळा, मामा. आमचं किडं निरुपद्रवी असत्यात."

"काय असत्यात?"

"निरुपद्रवी."

"निरुपदरी!" रखमाजींनी मांडीवर थाप मारली. "आरं, निरुपदरी तर तू हायेस. पदरात काय हाय तुझ्या? तुझ्या पदरात पोर कशी घालू म्या? शिमगा झाला की कोर्ल्याच्या पावन्यांशी बोलनी हायेत तिची."

आतून फुला हसली. ती आपल्याला हसली हे गेनूला कळलं. पण हसली कशी, तेच त्याला भोरपर्यंत आठवत राहिलं.

शिमगा जवळ आला. डॉक्टर रानातले उंदीर पकडायला वेल्ह्याला गेले होते आणि पागा गेनूवर सोपवून गेले होते. सकाळी दाणापाणी करताना गेनूला मामांना द्यायचं उत्तर सुचलं. "मामा, पदर रिकामा हाय म्हनूनच पोरीला जागा हाय." असं फक्कड उत्तर! ते त्याने उंदरांना म्हणून दाखवलं, एकदा उभं राहून, एकदा हात करून. मग त्याच तंद्रीत तो पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा पिंजऱ्यांच्या कड्या उघड्या होत्या आणि आत एकही उंदीर नव्हता.

डॉक्टरांनी त्या उंदरांवर कितीतरी महिने घालवले होते. कुणाच्या रक्तात जीव वाढतोय, कुणाच्या रक्तातून ओसरतोय, हे सगळं त्यांनी बारकाईने जमवलं होतं. गेनूने गवतात पाहिलं, कोनाड्यात पाहिलं, स्वतःच्या बाहीतसुद्धा पाहिलं. मग तो एसटीच्या थांब्याकडे धावला. वेल्ह्याची गाडी सुटत होती. चिमाजी कंडक्टर ओळखीचा होता.

"चिमाजी, वेल्ह्याला डाक्टरसायबांस्नी सांगा, मामा ग्येलं. तडक बोलावलंय."

चिमाजीने टोपी काढली. "कवा?"

"आत्ताच. म्या पानी आनाया ग्येलो, तेवढ्यात."

"आजारी व्हते का?"

"रक्तात किडं व्हतं, पर तरास कायबी नव्हता."

"मानसाचं काय खरं न्हाई बघ," चिमाजी म्हणाला आणि त्याने घंटी मारली. हा माणसांचं का बोलतोय, असा प्रश्न गेनूला पडला खरा. पण त्याच्या डोक्यात उंदीर होते, दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

चिमाजी भला माणूस होता. गाडी विंझरला थांबली तेव्हा डॉक्टरांच्या आधी सख्ख्या बहिणीला कळवायला हवं, असं त्याला वाटलं. त्याने खिडकीतून निरोप दिला. पुढे वेल्ह्याला डॉक्टरांना सांगताना त्याने तो जरा नीट करून सांगितला, "गेनूचे मामा वारले." डॉक्टर हळहळले. त्यांनी उलटा निरोप दिला की गेनूला म्हणावं, घाई करू नकोस, तिकडचं सगळं आटोपून सावकाश कामावर ये.

दुपारी गेनू पागेत पालथा पडून बिळात काठी घालत होता. इतक्यात दारात हंबरडा ऐकू आला. साळूबाई होती, बरोबर कोंडिबा आणि शेजारची भामाबाई.

"ग्येलं रं मामा!" साळूबाईने त्याच्या गळ्यात हात टाकले.

आपल्या नोकरीची आईला इतकी काळजी आहे, हे पाहून गेनूला भरून आलं. "रडू नगंस, आई. घावत्याल कुठंतरी."

"आता कुठं घावायचं रं!"

"लांब न्हाई जायाचं. गवताच्या गंजीत आसत्याल. भूक लागली की येत्याल आपसूक."

साळूबाईने रडू आवरून त्याच्याकडे पाहिलं. कोंडिबाने भामाबाईकडे पाहिलं.

"पोराच्या डोक्यात ग्येलं," कोंडिबा हळूच म्हणाला.

हिर्डोशीची गाडी सुटायला आली होती. त्यांनी गेनूला दोन्हीकडून धरून गाडीत बसवलं. भाच्याशिवाय कसं चालेल? गाडी गावाबाहेर पडली तेव्हा कुठे गेनूच्या डोक्यात उजेड पडला. त्याला आधी घाम फुटला, मग हसू आलं, मग पुन्हा घाम फुटला.

"आई, मामा न्हाई ग्येलं. उंदरं ग्येली. उंदरं!"

जन्मात पहिल्यांदा त्याने आईसमोर तो शब्द उच्चारला होता. सगळी गाडी वळून बघायला लागली. साळूबाईने त्याचं डोकं मांडीवर ओढलं आणि ती कपाळावरून हात फिरवत राहिली.

"दादाचा लई जीव व्हता ह्याच्यावर," ती भामाबाईला सांगू लागली. "ह्याचं जावळ दादाच्याच मांडीवर काढलं. नीरेला पानी आलं की दादा मला खांद्यावर घिऊन पलीकडं न्यायचा. पाय घसरला तरी मला भिजू द्यायचा न्हाई."

गेनू पुन्हा तोंड उघडणार होता. पण इतक्या वर्षांत आईच्या तोंडून 'दादा' हा शब्द त्याने ऐकला नव्हता. तिला खरं पटवलं तर ती पुढच्याच थांब्यावर उतरेल आणि विंझरला परत जाईल, हे त्याला ठाऊक होतं. मग फुलाही कोर्ल्याला जाईल. तो मांडीवर डोकं ठेवून गप्प पडून राहिला. लोक म्हणतील तर म्हणू देत वेडा. नाहीतरी त्याच्याबद्दल लोकांचं फार चांगलं मत होतं अशातला भाग नव्हता.

उन्हं उतरत होती तेव्हा ते हिर्डोशीत पोचले. रखमाजी सकाळपासून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडून दमले होते आणि ओटीवर डोक्यावरून घोंगडी ओढून झोपले होते. साळूबाईने लांबूनच ती घोंगडी पाहिली आणि धावत जाऊन पायाशी अंग टाकलं.

"दादा रं माझ्या! आता म्हायेर कुनाचं म्हनू रं! लगनाला तू पाय फोडून चालत आलास, आन म्या मांडवात परका मामा हुबा केला रं! भटजी घाई करत व्हता. म्या वाट बघाया पायजे व्हती. चुकले रं दादा! दर दिवाळीला ताट वाढलं, पाट मांडला, तुझा राग काय ग्येला न्हाई रं!"

फुला घरातून बाहेर आली आणि हातातली पाटी तशीच धरून उभी राहिली. गेनूने तिला खूण केली, गप्प राहा म्हणून. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती गप्प राहिली. मग गेनूचं लक्ष घोंगडीबाहेर राहिलेल्या मामांच्या पायाकडे गेलं. अंगठा हलला. थोड्या वेळाने पुन्हा हलला. मामा जागे होते आणि ऐकत होते.

साळूबाईचा आवाज बसला, ती नुसती हुंदके देऊ लागली, तेव्हा घोंगडीखालून बोलणं आलं.

"झालं का समदं बोलून?"

भामाबाई किंचाळून अंगणात पळाली. कोंडिबा गवताच्या गंजीमागे गेला. रखमाजी उठून बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मिशा ओल्या होत्या.

"दादा! जित्ता हायेस तू?"

"मगाधरनं जित्ता हाय. तुझं बोलनं तुटू नये म्हनून पडून ऱ्हायलो."

पुढे बहीणभाऊ कितीतरी वेळ एकमेकांचे हात धरून बसले होते, ते सांगत नाही. त्यानंतर मात्र सगळ्यांच्या माना गेनूकडे वळल्या. त्याने सगळं सांगितलं. कडी कशी राहिली, निरोप कसा दिला, चिमाजीने टोपी का काढली. उत्तराचा सराव करत होतो, ही गोष्ट तेवढी त्याने गाळली.

"म्हंजी तुझी उंदरं पळाली," रखमाजी म्हणाले, "आन मेलो म्या?"

"व्हय."

"खोटी बातमी उठली की आवुक्ष वाढतं," कोंडिबाने गंजीमागूनच सांगितलं.

"मंग लई वाढलं आसंल. लई रडली ही." रखमाजींनी गेनूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ते बहिणीकडे वळले. "साळे, हे तुझं पोरगं खरंच निरुपदरी हाय. पर ह्याच्यापायी माझी भन माझ्या पदरात पडली. कोर्लेवाल्यांस्नी नगं म्हनून सांगतो. फुला तुझ्या पदरात घातली. ह्याच्या न्हाई, तुझ्या!"

कुणाच्या का पदरात असेना, गेनूची तक्रार नव्हती. फुला पाणी द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "उंदरं खरंच चावत न्हाईत तुमाला?"

"न्हाई."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा तशीच हसली.

दुसऱ्या दिवशी गेनू पागेत परतला तेव्हा सगळे उंदीर घोड्यांच्या जुन्या गव्हाणीत, त्याच्याच पांघरुणावर झोपलेले होते. जन्म पिंजऱ्यात गेलेला, बाहेरचं जग त्यांना झेपलं नसावं. गेनूला त्यांचं वागणं अगदी घरच्यासारखं वाटलं. ज्यांच्या रक्तात जीव होते त्यांच्या शेपटीला डॉक्टरांनी पिवळा रंग लावलेला होता, त्यावरून त्याने त्यांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत घातलं. डॉक्टर आले ते सांत्वन करत आले. खरा प्रकार कळल्यावर ते आधी खूप रागावले आणि मग खुर्चीत बसून पोट धरून हसले.

लग्नाला रखमाजी आदल्या दिवशीच विंझरला येऊन बसले होते. ते नवरीचे बाप आणि नवऱ्याचे मामा, दोन्ही बाजूंचे मान त्यांनी हक्काने वसूल केले. गेनूला मात्र भोरपासून वेल्ह्यापर्यंत 'निरुपदरी' हे नाव पडलं. नवी ओळख झाली की तो स्वतःच ते सांगून टाकी, म्हणजे पुढच्या माणसाचे सांगायचे कष्ट वाचत.

त्यानंतर काही वर्षांनी, १९६० च्या उन्हाळ्यात, चिमाजी कंडक्टर पागेच्या दारात आला.

"गेनू, मामा ग्येलं."

गेनूने मागे वळून पिंजऱ्यांकडे पाहिलं. "हायेत की समदे," तो हसत म्हणाला.

चिमाजी हसला नाही. त्याच्या हातात टोपी होती.

गेनू आईला, फुलाला आणि भामाबाईला घेऊन हिर्डोशीला गेला. रखमाजी ओटीवर होते, अंगावर तीच घोंगडी होती. फुलाने बापाच्या पायांवर डोकं आपटलं, बायकांनी सूर धरला. साळूबाई भावाच्या उशाशी बसली आणि काहीच बोलली नाही. सख्खी बहीण असून रडत कशी नाही, म्हणून बायका कुजबुजू लागल्या. भामाबाईने तिच्या खांद्याला हात लावला.

"माझं रडून झालंय," साळूबाई म्हणाली. "त्यानं ऐकलंय समदं."

ते ऐकून भामाबाईने पदर तोंडाला लावला. घोंगडीबाहेर राहिलेल्या मामांच्या अंगठ्याकडे गेनू मात्र कितीतरी वेळ बघत बसला.